मिरासदार आणि उपरी : मे २००४ची एक हकिगत

कॅलिफोर्नियातील सिक्स अपार्ट नावाच्या एका लहानशा कंपनीने १३ मे २००४ रोजी आपल्या ‘मूव्हेबल टाइप’ या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीचे दर आणि परवान्याच्या अटी जाहीर केल्या. दरपत्रक प्रसिद्ध करणे ही व्यापारातील नित्याची बाब, आणि तीत इतिहास लिहिणाराने लक्ष घालावे असे सहसा काही नसते. परंतु या दरपत्रकाने वैयक्तिक ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या त्या वेळच्या जगात अशी काही खळबळ उडवली, की कित्येकांनी आपले वर्षानुवर्षांचे लेखन एका सॉफ्टवेअरमधून उचलून दुसऱ्यात नेले, आणि ज्यात नेले ते वर्डप्रेस त्या वेळी जेमतेम वर्षभराचे होते. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात, असे डब्ल्यूथ्रीटेक्सची गणना सांगते. हे स्थलांतर का घडले, या प्रश्नाचे उत्तर ‘फुकटची वस्तू विकत झाली म्हणून’ असे एका वाक्यात देऊन टाकण्याचा प्रघात आहे. तो मला मान्य नाही, आणि का नाही हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जॉर्न बार्गर यांनी आपल्या रोजच्या टिपणांच्या पानाला ‘वेबलॉग’ म्हटले ते डिसेंबर १९९७मध्ये. त्या काळी असे पान चालवायचे म्हणजे एचटीएमएलची फाइल स्वहस्ते लिहायची, जुना मजकूर खाली सरकवून नवा वर घालायचा आणि सगळी फाइल सर्व्हरवर पाठवायची. ऑगस्ट १९९९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पायरा लॅब्जने ‘ब्लॉगर’ काढले आणि हे कष्ट वाचवले. पण ब्लॉगरचे यंत्र पायराच्या घरी असे, लेखकाच्या सर्व्हरवर त्याने घडवलेली पाने तेवढी येत. पुढे २००१च्या आरंभी पायराचा पैसा संपला, नोकरवर्ग गेला, इव्हान विल्यम्स एकटेच कारभार पाहू लागले, आणि आपल्या लेखनाचे यंत्र परक्याच्या दारी असणे किती धोक्याचे, हे चाणाक्षांच्या ध्यानी आले. आपल्याच सर्व्हरवर बसवता येईल असे काहीतरी हवे होते. नोआ ग्रे यांचे ‘ग्रेमॅटर’ २०००च्या नोव्हेंबरात आले होतेच. त्याने ती गरज काही काळ भागवली.

बेन आणि मीना ट्रॉट या तरुण दांपत्याने मूव्हेबल टाइप ऑक्टोबर २००१मध्ये प्रसिद्ध केले. दोघांचे जन्मदिवस सहा दिवसांच्या अंतराने येतात, म्हणून कंपनीचे नाव सिक्स अपार्ट. मीना यांचा स्वतःचा ब्लॉग होता, बेन पर्ल भाषेत निष्णात होते, आणि पत्नीला हवे तसे साधन मिळत नाही म्हणून ते घरीच घडवावे, अशा भावनेतून जन्मलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये लेखकाच्या गरजांची जी जाण दिसे, ती अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी केलेल्या साधनांत क्वचितच दिसते. त्याची रचना अशी, की लेखकाने नोंद लिहून जतन केली म्हणजे यंत्र साचे उघडी, साच्यातील खुणेच्या जागी शीर्षक, तारीख आणि मजकूर भरी आणि तयार एचटीएमएल पाने सर्व्हरवर मांडून ठेवी. वाचक आला की तयार पान त्याच्यापुढे येई. यंत्राला पुन्हा काही करावे लागत नसे. मुखपृष्ठाचा साचा निराळा, महिनावार दप्तराचा निराळा, एकेका नोंदीचा निराळा. आणि हे सर्व साचे लेखकाला उघडे होते. ज्याला जरा गती होती तो त्यात मनसोक्त फेरफार करी: कोणी बाजूच्या पट्टीत वाचलेल्या पुस्तकांची यादी आणी, कोणी नोंदींना विषयवार बांधी, कोणी इतरांचे प्लगइन घेऊन त्यांत आपली भर घाली. जॉन ग्रूबर यांचे ‘मार्कडाउन’ हे लेखनसाधन २००४ साली प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा ते मूव्हेबल टाइपच्या प्लगइनच्या रूपातही उपलब्ध होते, यावरून त्या आसमंतातील बुद्धिवैभवाची कल्पना यावी.

या सोयीची किंमतही होती. साच्यात एक अक्षर बदलले तरी सगळी पाने नव्याने रचावी लागत, आणि ज्याच्या नोंदी हजारांच्या घरात गेल्या होत्या त्याला ही पुनर्रचना चालू असताना उठून दुसरे काम करून यावे लागे. प्रत्येक नव्या प्रतिक्रियेबरोबरही त्या नोंदीचे पान नव्याने रचले जाई. २००३ साली जाहिरातबाजांनी यंत्रे लावून प्रतिक्रियांचा मारा सुरू केला तेव्हा सर्व्हर अक्षरशः गुदमरू लागले, आणि भाड्याने सर्व्हर देणाऱ्यांनी मूव्हेबल टाइपच्या ग्राहकांना तंबी देण्यास आरंभ केला. तरीही लोक त्याला धरून होते. ज्यावर आपण रात्री जागवून हात फिरवला ती वस्तू माणसाला सहजासहजी सोडवत नाही.

आणि येथेच परवान्याचा प्रश्न येतो. पेशवाईतील महसुलाच्या कागदपत्रांत जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग आढळतात: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. सारा भरत राहिला तर जमिनीवरून त्याला कोणी उठवू शकत नसे, आणि तो गाव सोडून गेला तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. उपरी तीच जमीन, तितक्याच मेहनतीने, कदाचित अधिक कौशल्याने कसे. पण त्याचा कौल मुदतीचा, आणि मुदत सरली की अटी नव्याने ठरत. पीक उभे असताना दोघांच्या शेतांत फरक दिसत नसे. मूव्हेबल टाइपचा मूळ मजकूर पर्लमध्ये असल्याने डोळ्यांना दिसत होता, त्यात बदल करता येत होता, वैयक्तिक वापरासाठी पैसेही पडत नव्हते. त्यामुळे त्याच्या वापरकर्त्यांची समजूत अशी झाली होती, की आपण मिरासदार आहोत. परवान्यात तसे कोठेही लिहिलेले नव्हते. बदललेली प्रत दुसऱ्याला वाटण्याचा अधिकार त्यात नव्हता, आणि पुढच्या आवृत्तीच्या अटी काय असतील हे ठरवण्याची मुखत्यारी सर्वस्वी ट्रॉट यांच्याकडे होती. २००१ ते २००४ या काळात ही बाब कोणाला टोचली नाही, कारण ट्रॉट दांपत्य सज्जन होते. आणि मालक सज्जन असला की करारनामा वाचण्याची कोणाला गरज वाटत नाही.

दरम्यान, या मंडळींच्या गावीही नसलेली एक घटना फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर घडली होती. मिशेल व्हाल्द्रीगी या तरुणाने २००१ साली पीएचपी आणि मायएसक्यूएल यांच्या आधारे ‘बी-टू’ नावाचे ब्लॉगचे सॉफ्टवेअर लिहिले. त्याची रचना मूव्हेबल टाइपच्या उलट होती: पाने आधी रचून ठेवायची नाहीत, वाचक आला की डेटाबेसमधून मजकूर काढून त्या क्षणी पान घडवायचे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की व्हाल्द्रीगी यांनी आपल्या कृतीला जीपीएल ही सनद दिली. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिद्ध केलेल्या या सनदेची दुसरी आवृत्ती १९९१ची. तिचा आशय असा, की सॉफ्टवेअर कोणीही कोणत्याही हेतूने चालवावे, त्याची रचना अभ्यासावी, बदलावी, बदललेली प्रत वाटावी, मात्र वाटताना घेणाऱ्याला हेच सर्व हक्क द्यावेत. मूळ कर्त्याचाही मग एकदा दिलेल्या प्रतीवरील हा हक्क परत घेण्याचा अधिकार उरत नाही.

२००२च्या अखेरीस व्हाल्द्रीगी यांचे लेखन थांबले. बी-टूला वाली उरला नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे मॅट मलनवेग नावाचा एक विद्यार्थी बी-टूवर आपला छायाचित्रांचा आणि टिपणांचा ब्लॉग चालवीत होता. वय एकोणीस, शिक्षण राज्यशास्त्राचे, हौस सॅक्सोफोनची. २४ जानेवारी २००३ रोजी त्याने लिहिले, की माझ्या ब्लॉगचे सॉफ्टवेअर बेवारस झाले आहे, दुसरी उपलब्ध साधने मला पुरी पडत नाहीत, आणि बी-टूला जीपीएलची सनद असल्यामुळे त्याचीच एक स्वतंत्र शाखा काढून ती पुढे न्यावी असा माझा मानस आहे. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधील स्टॉकपोर्टच्या माइक लिटल यांनी कळवले, की खरोखरच शाखा काढणार असाल तर मी साथ देईन. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते. एका मैत्रिणीने सुचवलेले ‘वर्डप्रेस’ हे नाव घेऊन पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी बाहेर पडली, आणि तिला क्रमांक मिळाला ०.७, म्हणजे बी-टू जेथे थांबले होते तेथून पुढे. व्हाल्द्रीगी यांनी या शाखेला आपली वारस म्हणून मान्यता दिली. बी-टूच्या आणखीही शाखा निघाल्या होत्या, पण वारसा वर्डप्रेसकडे आला.

आता पुन्हा मे २००४कडे येऊ. मूव्हेबल टाइपच्या नव्या अटींनुसार फुकट प्रत घेणाऱ्याला एकच लेखक आणि तीनच ब्लॉग ठेवता येणार होते; त्याहून अधिक हवे असल्यास लेखकांच्या आणि ब्लॉगांच्या संख्येप्रमाणे चढत्या श्रेणीने पैसे भरायचे. मीना ट्रॉट यांनी ही बातमी मोठ्या उत्साहाने दिली होती. तिच्या खाली जो निषेधाचा पूर लोटला, त्याला वाट करून देणारे साधन, म्हणजे एका ब्लॉगने दुसऱ्याला ‘मी तुमच्याविषयी लिहिले आहे’ अशी आपोआप वर्दी देणारे ट्रॅकबॅक, हे ट्रॉट यांनीच दोन वर्षांपूर्वी निर्माण केलेले होते. गावातल्या चार मित्रांचे ब्लॉग एकाच प्रतीवर विनामोबदला चालवणारे कित्येक होते. प्रयोगासाठी दहा-बारा ब्लॉग उघडून ठेवणारेही होते. त्यांना आपल्या डोक्यावर शेकडो डॉलरांचे देणे चढल्याचे दिसले. सिक्स अपार्टने थोड्याच दिवसांत खुलासे केले आणि काही अटी सैलही केल्या. पण संशय एकदा उत्पन्न झाल्यावर खुलाशाने फिटत नाही.

या वादात पुष्कळांनी पुष्कळ लिहिले. त्यांतील बरेचसे त्राग्याचे होते आणि विस्मृतीत गेले, ते योग्यच झाले. एक लेख मात्र राहिला. मार्क पिल्ग्रिम हे तंत्रविषयावर लिहिणारे त्या काळातील मान्यवर गृहस्थ. त्यांनी १४ मे रोजी ‘फ्रीडम झिरो’ या शीर्षकाखाली आपले म्हणणे मांडले. स्टॉलमन यांनी मोकळ्या सॉफ्टवेअरच्या आपल्या चार स्वातंत्र्यांची गणना शून्यापासून केली आहे, आणि शून्यावे स्वातंत्र्य म्हणजे सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूने चालवण्याचे. पिल्ग्रिम यांचा मुद्दा असा, की मूव्हेबल टाइप पुरेसे मोकळे होते तोवर आम्ही त्याच्या मोकळेपणाची चौकशी केली नाही. आता त्या ‘पुरेसे’ची मर्यादा दुसऱ्या कोणी ठरवली आहे, आणि ती पुढेही तोच ठरवणार. त्यांनी हिशेब केला. आपल्या ब्लॉगांसाठी नव्या दराने ५३५ डॉलर पडले असते; तेवढी रक्कम त्यांनी वर्डप्रेसच्या कर्त्यांना देणगी म्हणून पाठवली आणि आपले लेखन वर्डप्रेसवर हलवले. पैशासाठी हे लोक गेले म्हणणाऱ्यांनी ही ५३५ डॉलरांची नोंद विसरू नये: निघून जाण्यासाठी या गृहस्थांनी तेवढेच मोजले, जेवढे राहण्यासाठी मोजावे लागले असते.

वर्डप्रेसची प्रत उतरवून घेणाऱ्यांची संख्या एप्रिलच्या मानाने मे महिन्यात दुपटीहून अधिक झाली. योगायोग असा, की प्लगइन जोडण्याची सोय असलेली वर्डप्रेसची १.२ ही आवृत्ती २२ मे रोजी, म्हणजे दरपत्रकानंतर अवघ्या नवव्या दिवशी प्रसिद्ध झाली. मूव्हेबल टाइपचे दप्तर आत घेणारी आज्ञावलीही वर्डप्रेसपाशी तयार होती. प्रत्यक्षात हे स्थलांतर कसे होई, याकडे इतिहास लिहिणारे फारसे वळत नाहीत. पण खरी मौज तेथे आहे.

मूव्हेबल टाइप निर्यातीची एक साधी मजकुराची फाइल देत असे: शीर्षक, लेखक, तारीख, मग पाच आडव्या रेघा, मग मजकूर, मग प्रतिक्रिया, आणि आठ रेघांनंतर पुढची नोंद. सात वर्षे लिहिलेले असो की सात महिने, सारे एका फाइलीत मावे. ट्रॉट यांच्या सचोटीचा हा पुरावा मी फार मोठा मानतो, कारण दार उघडे ठेवणे हे त्यांनी ग्राहक जाऊ लागल्यावर सुचलेले शहाणपण नव्हते, ती सोय आधीपासून होती. मात्र त्या फाइलीत नोंदीचा क्रमांक नसे. मूव्हेबल टाइपचा पत्ता सहा आकडी क्रमांकावर बेतलेला, तर वर्डप्रेस येणाऱ्या नोंदींना आपले नवे क्रमांक देई. परिणामी जुन्या नोंदींकडे इतरांनी दिलेले सर्व दुवे एका रात्रीत निराधार होत. जाणते लोक मग निर्यातीच्या आज्ञावलीतच फेरफार करून क्रमांक बरोबर नेत, किंवा सर्व्हरच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत जुना पत्ता आणि नवा पत्ता अशा जोड्या ओळीने लिहीत बसत. ज्यांनी टेक्स्टाइल किंवा मार्कडाउन या लेखनसाधनांच्या खुणा वापरून लिहिले होते, त्यांच्या नोंदी नव्या घरी आल्या त्या तारका आणि अधोरेखांसह उघड्याबोडक्या. आणि साचे? ते मागेच राहिले. दोन-तीन वर्षे घडवलेली मांडणी मूव्हेबल टाइपच्या स्वतःच्या खुणांत बांधलेली, तिचा वर्डप्रेसमध्ये काही उपयोग नव्हता. म्हणजे ज्याने सॉफ्टवेअर सर्वांत अधिक आपलेसे केले होते, त्याचेच नुकसान सर्वांत अधिक झाले. ज्याने जे मिळाले ते तसेच वापरले, तो एका संध्याकाळी हलला.

रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची अडचण येथे संपे. देवनागरीसारख्या लिप्यांत लिहिणाऱ्यांची पुढे आणखी काही वर्षे चालली. मायएसक्यूएलचे जुने तक्ते मजकूर लॅटिन संकेतनात आहे असे धरून चालत, आत प्रत्यक्षात यूटीएफ-८ भरलेले असे. २००७ साली वर्डप्रेसच्या २.२ आवृत्तीने संकेतनाची स्वतंत्र नोंद ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा ती नोंद आणि तक्ता यांचा मेळ न बसलेल्या ब्लॉगांवर मजकुराच्या जागी अर्थहीन चिन्हांच्या रांगा उमटल्या. दुसरी गोष्ट आजही मराठी लेखकांना भोवते. नोंदीच्या पत्त्यासाठी वर्डप्रेस दोनशे अक्षरांची जागा ठेवते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ अक्षरांचे होते. काना, मात्रा, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हेच. तेव्हा बावीस चिन्हांपलीकडचे मराठी शीर्षक पत्त्यात मध्येच तोडले जाते. ही रचना करणाऱ्याच्या मनात आपण नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि सनद असल्यामुळे ती बदलून घेण्याला आपल्याला कोणाची आडकाठीही नाही.

१७ फेब्रुवारी २००५च्या १.५ आवृत्तीत वर्डप्रेसने थीमची व्यवस्था आणली. तोवर मांडणी बदलायची म्हणजे मूळ फाइलींतच हात घालावा लागे आणि पुढची आवृत्ती आली की तो बदल पुसला जाई. आता मांडणीच्या फाइली निराळ्या कप्प्यात गेल्या आणि एक थीम काढून दुसरी चढवणे क्षणाचे काम झाले. मुळातील थीम मायकेल हाइलेमान या डॅनिश रचनाकाराची, ‘कुब्रिक’ नावाची: निळा मथळा, गोलावलेले कोपरे. ती देखणी होती, आणि म्हणूनच पुढची पाच वर्षे इतक्या ब्लॉगांवर तीच दिसे, की निळा मथळा पाहिला की वाचकाला उबग येई. स्वतःच्या हाताने साचा घडवण्याचा २००२चा अभिमान येथे ओसरू लागला. सोय वाढली तसा स्वभाव पुसट झाला, असे मला जुन्या पानांच्या प्रती चाळताना वाटते.

ट्रॉट दांपत्याला या हकिगतीत खलनायकाची भूमिका देण्याची चाल आहे. ती अन्यायाची आहे. त्यांनी पगारी माणसे नेमली होती आणि पगार द्यायचे म्हणजे कोठून तरी पैसा यायला हवा होता. त्यांची चूक दर लावण्यात नव्हती. उपऱ्यांना तीन वर्षे मिरासदारासारखे वागू दिले आणि मग एका सकाळी कौल दाखवला, ही ती चूक. पुढे डिसेंबर २००७मध्ये सिक्स अपार्टने मूव्हेबल टाइपलाही जीपीएलची सनद दिली, पण तोवर गाव उठले होते. २०१० साली कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली, आणि २०११च्या जानेवारीत सिक्स अपार्ट हे नाव आणि मूव्हेबल टाइप दोन्ही जपानच्या इन्फोकॉमने घेतली. जपानात ते सॉफ्टवेअर अजून व्यवसायात आहे. २०१३च्या सहाव्या आवृत्तीपासून त्याची जीपीएलची प्रत बंद झाली. आणखी एक गंमत: पाने आधी रचून ठेवण्याची त्याची जी पद्धत २००४ साली जुनाट ठरली, तीच टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ साली ‘जेकिल’च्या रूपाने पुन्हा आणली, आणि वर्डप्रेस सोडून जाणारे तंत्रज्ञ आज बहुधा तिकडेच जातात.

वर्डप्रेसचा कारभारही निष्कलंक नाही. मार्च २००५मध्ये त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधयंत्रांना फसवणारे जाहिरातीचे लेख दडवलेले आढळले आणि मलनवेग यांना माफी मागावी लागली. डिसेंबर २०१८मध्ये ‘गुटेनबर्ग’ हे नवे संपादन-साधन सर्वांच्या माथी आले, आणि त्याच सुमारास नाराजांनी जुन्या वर्डप्रेसची ‘क्लासिकप्रेस’ ही शाखा काढली. सप्टेंबर २०२४मध्ये मलनवेग यांचा डब्ल्यूपी एंजिन या कंपनीशी उघड तंटा झाला, त्यांनी तिच्यासाठी वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दरवाजे बंद केले, कंपनी न्यायालयात गेली, आणि १० डिसेंबरला न्यायालयाने तिच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. वीस वर्षांपूर्वीचे निषेधाचे सूर पुन्हा ऐकू आले. फरक असा, की जीपीएलच्या ज्या कलमाच्या आधारे एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने व्हाल्द्रीगी यांची आज्ञावली उचलली, त्याच कलमाच्या आधारे आज कोणीही मलनवेग यांची आज्ञावली उचलून, बदलून, चालवू आणि वाटू शकतो. तिला वर्डप्रेस हे नाव मात्र देता येणार नाही. ते व्यापारचिन्ह २०१०पासून वर्डप्रेस फाउंडेशनच्या मालकीचे आहे.